ट्रेलर ओढायला पेट्रोल ट्रक की डिझेल? आधी दारावरचं स्टिकर वाचा

अमेरिकेत ट्रॅव्हल ट्रेलरसाठी (गाडीमागे ओढून न्यायचं चाकांवरचं घर) ट्रक घेताना जाहिरातीतला ओढण्याचा आकडा बाजूला ठेवा. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतं: माणसं आणि सामान मिळून किती पौंड चालतील, ते त्यावर लिहिलेलं असतं. भरलेला ट्रेलर 7,000 पौंडांचा असेल तर हिचवर (ट्रकच्या मागे ट्रेलर जोडायचा सांधा) साधारण 13 टक्के, म्हणजे 900 पौंड भार येतो; तोही याच मर्यादेत मोजायचा. हिच 100, चौघांचे 600, ट्रकमधलं सामान 200. झाले 1,800! ‘अर्ध्या टनाचे’ म्हणवले जाणारे (हे फक्त हलक्या वर्गाचं नाव, खरी मर्यादा नव्हे) कित्येक ट्रक इथेच कमी पडतात. डिझेल इंजिन जड, त्यामुळे त्याच ट्रकची ही मर्यादा आणखी घटते.

डिझेलची खरी किंमत उतारावर कळते. एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनातून बाहेर पडणारा धूर अडवून गाडीचा वेग रोखणारी सोय) वेग धरून ठेवतो, चाकांचे ब्रेक तापत नाहीत. चढावरही फरक मोठा आहे: कोलोराडोतला आयझेनहॉवर बोगदा 11,000 फुटांवर आहे आणि टर्बो (इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा पंखा) नसलेलं पेट्रोल इंजिन तिथे जवळपास तिसरा हिस्सा ताकद गमावतं.

एरवी ट्रक दोन-चार मैलांच्या फेऱ्यांनाच वापरणार असाल, तर मात्र डिझेल नको. इंजिन पुरेसं तापत नाही, काजळी जळत नाही, धुरातली काजळी अडवणारा फिल्टर तुंबतो. सपाट प्रदेशात वर्षाकाठी थोड्याच सहली असतील तर पेट्रोलच घ्या.