अर्ज मुलाचा, निम्मे कागद आपले

साताऱ्यातल्या एका ज्युनिअर कॉलेजात मी फिजिक्स शिकवते. आमच्याकडे काउन्सेलर असं पद नाही. त्यामुळे बारावीचं कुणी मूल अमेरिकेत बी.एस.साठी, म्हणजे तिकडच्या विज्ञानाच्या पदवीसाठी, अर्ज करायचं म्हणालं, की प्राचार्य त्याला माझ्याकडे पाठवतात. सोबत पालक येतात आणि निबंधाबद्दल विचारतात. निबंध मूल लिहितंच हो. अर्ज लंगडा पडतो तो शाळा-कॉलेजने द्यायच्या कागदांमुळे. हार्वर्ड, प्रिन्स्टन किंवा एमआयटी (बोस्टनजवळची, कोथरूडची नव्हे) शंभर अर्जांतले पाचसुद्धा घेत नाही. तिथे बसून अर्ज वाचणाऱ्याला सातारा ठाऊक नसतो. आपल्या बोर्डात ८५ टक्के म्हणजे भारी की बेताचे, हेही नसतं. ते आपण सांगायचं असतं, आणि आपल्याशिवाय दुसरं कुणी सांगणार नसतं.

पहिला निर्णय अकरावीच्या प्रवेशाच्या वेळीच होतो. ‘इंटिग्रेटेड’ क्लास लावून कॉलेजात फक्त नाव ठेवायचं, अशी पद्धत आता गावोगाव आहे. जेईईसाठी ते ठीक असेल. या अर्जासाठी घातक. साधारणपणे विषय शिकवणाऱ्या दोन शिक्षकांची पत्रं लागतात आणि कॉलेजतर्फे तिसरं. ज्या मुलाला मी वर्गात पाहिलंच नाही, त्याच्याबद्दल काय लिहू? एमआयटीला तर एक पत्र गणित-विज्ञानाच्या शिक्षकाचं आणि एक भाषा किंवा सामाजिक शास्त्राच्या शिक्षकाचं हवं असतं. तेव्हा मराठीच्या तासाला मागच्या बाकावर बसून गणितं सोडवणाऱ्यांनी वेळीच पुढे सरकावं.

पत्राबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण गोंधळ इथेच सगळ्यात जास्त. आपल्याकडची रीत अशी, की मुलगा स्वतःच मसुदा टाइप करून आणतो आणि सर सही ठोकतात. हे करू नका. एक तर ते खोटं आहे. शिवाय निबंध आणि दोन्ही पत्रं एकाच हातची आहेत हे वाचणाऱ्याला लगेच कळतं. कॉमन ॲपवर (एकच अर्ज अनेक विद्यापीठांना पाठवायचं संकेतस्थळ) पत्र शिक्षकाच्या स्वतःच्या ई-मेलवर आलेल्या लिंकमधून थेट जातं, आणि फॉर्ममध्ये मुलाला विचारतात की हे पत्र पुढे वाचण्याचा हक्क सोडतोस का. सोडावा. लिंक कॉलेजच्या सामायिक ई-मेलवर मागवू नका, तो आठवड्यातून एकदा उघडला जातो.

मुलाने शिक्षकाला मसुदा न देता टिपण द्यावं: तुमच्या तासाला मी काय विचारलं होतं, कुठला प्रयोग फसला, नंतर मी काय केलं. ‘हुशार, मेहनती, नम्र’ हे तीन शब्द मी माझ्या पत्रांतून हद्दपार केले आहेत. त्याऐवजी एका मुलीबद्दल लिहिलं होतं, की मीटर ब्रिजच्या (विजेचा रोध मोजायच्या) प्रयोगात सगळ्या वर्गाचं उत्तर पुस्तकाशी जुळलं, हिचं जुळलं नाही, आणि हिने आकडा ‘दुरुस्त’ करायला नकार दिला. तारेची जोडणी सैल निघाली. एवढ्या प्रसंगावर अर्धं पान होतं. फॉर्ममध्ये मुलाची तुलनाही विचारतात: वर्गातल्या वरच्या दहा टक्क्यांत, पाच टक्क्यांत, की आजवर पाहिलेल्या मोजक्या मुलांत. सगळीकडे शेवटच्या चौकटीत टिक केलं की पत्राची किंमत जाते. इंग्रजीत लिहायला अडखळणाऱ्या शिक्षकांनी मराठीत लिहावं आणि घरच्यांव्यतिरिक्त कुणाकडून तरी अनुवाद करून मूळ पत्रासोबत जोडावा.

आता गुणपत्रिका. त्यांना नववी ते बारावी अशी चार वर्षं हवीत. बोर्डाची गुणपत्रिका फक्त दहावीची आणि बारावीची. नववी जुन्या शाळेत झालेली, अकरावीची परीक्षा कॉलेजची अंतर्गत, जिला कुणी गंभीरपणे घेत नाही. इथे घ्यावं लागतं. नववीच्या निकालासाठी शाळेत आधीच जा. जुनी रजिस्टरं शोधायला वेळ लागतो. मग कॉलेजच्या लेटरहेडवर एक तक्ता करा: वर्ष, विषय, पैकी किती, मिळाले किती, वर्गातले सर्वाधिक किती. टक्क्यांचं अमेरिकेतल्या चारच्या मापात (जीपीए) रूपांतर करू नका, जे आहे तेच द्या.

नाव सगळीकडे एकसारखं ठेवा. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव येतं. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात आणि बापाचं नाव बहुधा मुलाच्या नावाला जोडलेलं. सॅट या तिकडच्या प्रवेशपरीक्षेची नोंदणी, कॉमन ॲप, सगळं पासपोर्टप्रमाणे भरा. सॅट करोनाच्या काळात बहुतेकांनी ऐच्छिक केली होती. एमआयटीने २०२२ मध्ये आणि हार्वर्डने २०२४ मध्ये ती पुन्हा सक्तीची केल्याचं जाहीर केलं, तेव्हा अकरावीतच देऊन टाकलेली बरी.

यानंतरचा कागद म्हणजे स्कूल प्रोफाइल. दीड पानाचा मजकूर, पण आपल्याकडे जवळजवळ कुणीच करत नाही. बोर्ड कुठलं, विद्यार्थी किती, कुठकुठून येतात, कुठले विषय शिकवतो आणि कुठले शिकवूच शकत नाही, हे त्यात लिहायचं. फिजिक्समध्ये ७० गुण लेखी आणि ३० प्रात्यक्षिक, उत्तीर्णतेला ३५ टक्के, गेल्या तीन वर्षांत आमच्याकडे ९० टक्क्यांच्या वर किती मुलं गेली. हे वाचल्यावरच त्यांना कळतं की या मुलाने जे उपलब्ध होतं त्यातलं किती घेतलं. एकदा केलं की दरवर्षी फक्त आकडे बदलायचे.

कॉमन ॲपवरच्या उपक्रमांच्या यादीत दहा जागा, प्रत्येक वर्णनाला १५० अक्षरं, मोकळ्या जागा धरून. ‘होमी भाभा बालवैज्ञानिक, रौप्यपदक’ एवढं लिहिलं तर तिकडे काही बोध होत नाही. कुठल्या पातळीवर, किती टप्प्यांतून, हे लिहा. आणि प्रमाणपत्र मिळालं नाही म्हणून घरचं काम गाळू नका. आमच्या एका मुलाच्या घरी पिठाची गिरणी. त्याने लिहिलं होतं, ‘वडिलांना व्यवसायात मदत.’ खोदून विचारल्यावर कळलं की तो रोज संध्याकाळी दोन तास एकटा गिरणी चालवतो, आणि ज्वारी, गहू, बाजरी यांना किलोमागे किती वीज लागते हे वहीत टिपतो. युनिट वाढायला लागले की दगडांना टाकी लावायची (छिन्नीने पुन्हा खडबडीत करायची) वेळ झाली, हे त्याने त्या वहीवरून काढलेलं. ते १५० अक्षरांत बसवलं. निबंधही त्याच वहीवर झाला, ६५० शब्दांच्या मर्यादेत. आधीच्या मसुद्यात गरिबी, स्वप्नं आणि देशसेवा होती. ती काढून टाकली.

पैशाचं बोलायला पालक संकोचतात. परदेशी विद्यार्थ्याने आर्थिक मदत मागितली तर बऱ्याच ठिकाणी निवडीवर परिणाम होतो. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲम्हर्स्ट, डार्टमथ इथे तो होत नाही आणि घराच्या ऐपतीनुसार लागेल तेवढी मदत देतात. मदत लागणार असेल तर यादी त्या हिशेबाने करा. बहुतेक ठिकाणी सीएसएस प्रोफाइल, म्हणजे घरच्या ऐपतीची माहिती देणारा ऑनलाइन फॉर्म, भरावा लागतो. पगारदारांना फॉर्म १६ आणि आयकर विवरणपत्र पुरतं. शेतकरी घरांत काम वाढतं, कारण शेतीचं उत्पन्न करमुक्त आणि सातबाऱ्यावर चुलत्यांचीही नावं. जमीन किती, त्यातला आपला वाटा किती, ऊस कारखान्याला घातला तर बिल किती आलं, हे एका पानावर सरळ लिहा. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला जोडा. लपवू नका, फुगवू नका. अर्जाची फीसुद्धा परवडत नसेल तर ती माफ करण्याची विनंती कॉलेजतर्फे करता येते, हे पुष्कळांना माहीतच नसतं.

वेळेचं गणित असं. कॉमन ॲप दर वर्षी १ ऑगस्टला नव्याने उघडतं, एमआयटीचं पोर्टल वेगळं. लवकरच्या फेरीची तारीख बहुतेक ठिकाणी १ नोव्हेंबर, म्हणजे दिवाळीच्या आसपास. त्यातली ‘अर्ली डिसिजन’ बंधनकारक असते, म्हणजे प्रवेश मिळाला की तिथेच जायचं. मदतीचा आकडा बघून ठरवायचं असेल तर ती टाळा. नेहमीची फेरी जानेवारीच्या सुरुवातीला, पूर्वपरीक्षेच्या तोंडावर. म्हणून शिक्षकांना पत्रासाठी गणपतीच्या आधी विचारा. जेईई, सीईटी, आयसरचे अर्ज चालू ठेवा. निकाल मार्चअखेर लागतो आणि तोपर्यंत बारावीची परीक्षा होऊन गेलेली असते.

प्रवेश मिळाला तरी कॉलेजचं एक काम उरतं. मे महिन्यात बारावीचा निकाल लागला की अंतिम गुणपत्रिका कॉलेजनेच अपलोड करायची असते. ते लॉगिन हेडक्लार्कांकडे असेल, तर ते सुट्टीला गावी जायच्या आत तारीख पक्की करून घ्या.