या चुका टाळा : विकिपीडियावरचा पहिलाच लेख वगळला गेला तर

गेल्या पावसाळ्यातल्या एका शनिवारी सदाशिव पेठेत माझ्यासमोर एक ताई निळी फाइल घेऊन बसल्या होत्या. त्यांच्या काकांनी चाळीस वर्षं तबला शिकवला. ताईंनी मराठी विकिपीडियावर त्यांच्यावर लेख लिहिला, रात्री अकराला जतन केला आणि सकाळी बघतात तर पान वगळलेलं. "काकांचं काम काही कमी आहे का हो?" हाच त्यांचा पहिला प्रश्न होता.

काम कमी नव्हतंच. पण विकिपीडियावर कामाची प्रत ठरवायला कोणी बसलेलं नसतं. तिथे एवढंच पाहतात, की या माणसाशी काही देणंघेणं नसलेल्या कोणी त्याच्याबद्दल सविस्तर लिहिलंय का, आणि ते भरवशाच्या ठिकाणी छापून आलंय का. याला उल्लेखनीयता म्हणतात. हाच प्रश्न लिहिणाऱ्याकडे वळवला, म्हणजे "तुमचं या विषयाशी नातं काय?" असं विचारलं, की तो हितसंघर्षाचा नियम होतो. कार्यशाळांमध्ये नवख्या सदस्यांशेजारी बसून मी पाहिलंय, बहुतेक चुका हे दोन प्रश्न वेगवेगळे मानल्यामुळे होतात.

सुरुवातच घरच्या विषयापासून

खातं उघडलं की लगेच नवा लेख, तोही वडिलांवर, स्वतःच्या क्लासवर नाहीतर नोकरीच्या कंपनीवर. इंग्रजी विकिपीडियावर खातं चार दिवस जुनं होऊन दहा संपादनं झाल्याशिवाय थेट नवा लेख करता येत नाही. २०१८ पासून तसा नियम आहे. तोवर मसुदा लिहून तो तपासणीला द्यायचा. मराठीत लिहिणाऱ्यांनीही हा शिरस्ता मनाने पाळावा. आधी पेठांवरचे, नद्यांवरचे, जुन्या नाट्यगृहांवरचे लेख उघडा, शुद्धलेखन सुधारा, एखाद्या वाक्याला संदर्भ जोडा. सराव धूळपाटीवर, म्हणजे सदस्याच्या स्वतःच्या कच्च्या पानावर, करा. पंधरा दिवसांत कुठलं वाक्य टिकतं आणि कुठलं उडतं याचा अंदाज येतो. आणि सदस्यनाव म्हणून दुकानाचं किंवा कंपनीचं नाव घेऊ नका. जाहिरातीचं खातं समजून ते रोखलं जाऊ शकतं.

कात्रणांचे तीन गठ्ठे

खरी मेहनत इथे आहे. ताईंच्या फाइलमध्ये सत्तावीस कात्रणं होती. आम्ही ती टेबलावर पसरली आणि तीन गठ्ठे केले.

पहिला गठ्ठा सगळ्यात जाड झाला. अमृतमहोत्सवाचा गौरवग्रंथ, संस्थेच्या स्मरणिका, सत्काराची मानपत्रं, निमंत्रणपत्रिका, एका पुरवणीत पैसे भरून छापलेला मजकूर. आपल्याकडे सत्कार समिती नेमून गौरवग्रंथ काढायची चांगली प्रथा आहे. त्यात शिष्य लिहितात, मित्र लिहितात, घरचे लिहितात आणि मनापासून लिहितात. म्हणूनच उल्लेखनीयता ठरवताना तो धरत नाहीत. जन्मतारीख, जन्मगाव, शिक्षण अशा साध्या माहितीपुरता मात्र तो चालतो. मुलाखतीचंही तसंच. मुलाखतीत माणूस स्वतःबद्दल स्वतःच बोलतो, छापणारं वर्तमानपत्र कितीही मोठं असो.

दुसऱ्या गठ्ठ्यात कार्यक्रमांच्या बातम्या. दीड कॉलमची बातमी आणि शेवटी एक ओळ : "तबल्यावर साथ अमुक यांनी केली." अशा दहा ओळी दहा वर्तमानपत्रांत आल्या तरी त्यांतून माणसाविषयी काही कळत नाही. सविस्तर दखल हवी, नुसतं नाव येऊन भागत नाही. सवाई गंधर्व महोत्सवात साथीला बसणं मोठ्या मानाचं, पण लेखाचा आधार म्हणजे त्या साथीबद्दल कोणा समीक्षकाने केलेलं लिखाण.

तिसऱ्या गठ्ठ्यात दोनच कागद उरले. एका साप्ताहिकातला समीक्षकाचा पानभर लेख, त्यात काकांच्या शिकवण्याच्या पद्धतीची नीट चिकित्सा होती, एक दोषही दाखवला होता. दुसरा कागद म्हणजे तबल्याच्या परंपरेवरच्या एका पुस्तकाची छायाप्रत. लेखक दुसऱ्या घराण्यातले, काकांवर चार पानं. ताईंनी दोष दाखवणारा तो लेख मुद्दाम वापरला नव्हता. मी त्यांना सांगितलं, तुमच्याकडचा सगळ्यात भक्कम कागद हाच आहे.

अडचण पुढेच होती. कात्रण इतकं नेटकं कापलेलं, की वरची तारखेची पट्टी कात्रीत गेली होती. अंक कोणता, पान कितवं, काहीच नाही. तारीख आणि पान नसेल तर वाचणाऱ्याला तो लेख शोधायचा कसा? घरात जुनी कात्रणं असतील तर प्रत्येकाच्या मागे पेन्सिलीने नियतकालिकाचं नाव, तारीख आणि पृष्ठ आजच लिहून ठेवा.

संदर्भ इंटरनेटवर असलाच पाहिजे, हा गैरसमज मात्र सोडा. छापील पुस्तक, जुनं मासिक, ऐंशीच्या दशकातलं वर्तमानपत्र, सगळं चालतं. मराठी विषयांसाठी तर हाच मोठा खजिना आहे. पुणे नगर वाचन मंदिर १८४८ पासूनचं, भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासूनचं. अशा ठिकाणी एक सकाळ घालवली तर गूगलवर महिनाभर न मिळालेलं हाती लागू शकतं.

नियम चुकू शकतात, हेही खरं. भौतिकशास्त्रज्ञ डॉना स्ट्रिकलंड यांच्यावरचा इंग्रजी मसुदा मे २०१८ मध्ये नाकारला गेला. त्यातल्या संदर्भांवरून उल्लेखनीयता दिसत नाही, असं कारण दिलं होतं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांना नोबेल मिळालं. प्राध्यापक-संशोधकांसाठी वेगळे निकष आहेत, त्यांत त्या तेव्हाही बसत होत्या, असं माझं मत आहे. म्हणून मसुदा नाकारला तर विषयालाच नकार आला असं समजू नका. आधी संदर्भांची यादी पुन्हा उघडा.

नातं लपवणं

ही चूक सगळ्यात महाग पडते. पुतणी म्हणून लिहिणं हा गुन्हा नाही, पण ते न सांगता लिहिलं की विश्वास जातो. सदस्य पानावर (तुमच्या खात्याचं पान) आणि लेखाच्या चर्चा पानावर (लेखाबद्दल बोलायचं जोडपान) साध्या मराठीत लिहा : "हे माझे सख्खे काका आहेत. पुढील तीन वाक्यं संदर्भांसह सुचवते आहे. कृपया कोणी तपासून लेखात घ्यावीत." एवढं पुरतं. लेखाला स्वतः हात न लावता चर्चा पानावर सुचवणं हीच जवळच्या माणसासाठी योग्य वाट. जन्मसालाची चूक, मोडलेला दुवा अशा किरकोळ दुरुस्त्यांना सहसा कोणाची हरकत नसते.

पैशांचा संबंध असेल तर गोष्ट ऐच्छिक राहत नाही. जून २०१४ पासून विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया संस्थेच्या वापर-अटींत स्पष्ट आहे, की मोबदला घेऊन संपादन करणाऱ्याने मालक कोण, ग्राहक कोण आणि आपला संबंध काय हे जाहीर केलंच पाहिजे. बाणेर-हिंजवडीच्या ऑफिसांत "कंपनीचं विकिपीडिया पेज बनव" हे काम बऱ्याचदा नव्या इंटर्नच्या गळ्यात पडतं. इंग्रजी विकिपीडिया इंटर्नलाही कर्मचारीच धरतो. त्या मुलामुलींना माझं सांगणं, की साहेबांना हा नियम आधी दाखवा. खातं तुमचं आहे आणि रोखलं गेलं तर तुमचंच जाईल.

घरातल्या चार जणांच्या नावाने खाती उघडून एकमेकांच्या बाजूने बोलणं हा तर थेट अडकण्याचा रस्ता. व्हॉट्सॲप ग्रुपवर "आपला लेख वाचवा" असं टाकूनही काही होत नाही. वगळण्याच्या चर्चेत डोकी मोजत नाहीत, मुद्दे आणि संदर्भ पाहतात.

आणि "पंचवीस हजारांत लेख पक्का" म्हणणाऱ्यांपासून सावध राहा. २०१५ मध्ये इंग्रजी विकिपीडियावर अशा एका टोळीची ३८१ खाती रोखली गेली. नाकारलेले मसुदे हेरून ही मंडळी लहान व्यावसायिकांना गाठायची, पैसे घेऊन लेख चढवायची आणि पुढे तो राखायचेही पैसे मागायची. लेख राखण्याचं वचन पैसे घेऊन कोणीही देऊ शकत नाही, पानं वगळायचा अधिकार असलेला प्रचालकसुद्धा नाही.

भाषा आणि उतारे

सुप्रसिद्ध, अष्टपैलू, थोर, गुरुवर्य हे शब्द काढा. "अनेक शिष्य घडवले" याऐवजी कुठे, कोणत्या वर्षांत शिकवलं ते लिहा. आदरार्थी क्रियापद ठेवा, त्याला कोणी हरकत घेत नाही. संस्थेच्या संकेतस्थळावरचा मजकूर जसाच्या तसा चिकटवू नका. तुम्हीच तो लिहिलेला असला तरी रीतसर परवानगी नोंदवेपर्यंत तो प्रताधिकारभंगच (कॉपीराइटचा भंग) धरला जातो.

लेख गेलाच असेल तर

तोच मजकूर पुन्हा चढवू नका. वगळण्याच्या नोंदीत कारण असतं, ते वाचा. ज्या प्रचालकाने पान वगळलं त्याच्या चर्चा पानावर शांतपणे विचारा आणि मजकूर धूळपाटीसाठी परत मागा. प्रताधिकाराचा प्रश्न नसेल तर तो मिळू शकतो. दोन-तीन भक्कम संदर्भ जमेपर्यंत तिथेच काम करा. नाहीच जमले, तर त्या माणसाचं काम दुसऱ्या मोठ्या लेखात एका ससंदर्भ वाक्यात येऊ शकतं. स्वतः काढलेली छायाचित्रं कॉमन्सवर, म्हणजे विकिमीडियाच्या चित्रसंग्रहावर, देता येतात. लेखकाच्या निधनाला साठ वर्षं उलटलेली मराठी पुस्तकं विकिस्रोतावर, म्हणजे विकिमीडियाच्या मुक्त ग्रंथालयात, आणता येतात, तिथे माणसं फार कमी पडतात.

ताईंनी तीन वाक्यं सुचवली, त्यातली दोन एका अनोळखी सदस्याने तबल्याच्या एका घराण्यावरच्या लेखात घेतली. तिसऱ्यापुढे त्याने विचारलं : "पृष्ठ क्रमांक?" आता त्या दर बुधवारी ग्रंथालयात जाऊन त्या साप्ताहिकाचे बांधलेले खंड चाळतात. परवा फोन आला होता, १९८३ चा खंड संपला, ८४ चा उघडलाय.