नथू वाटाड्या आणि फरशीवरचे लांडगे: लढाई तोलायची कशी

शनिवारी जेवणं उरकली की सावद्यात आमच्या गच्चीवर सतरंजी पडते. मावसभाऊ, शेजारच्या वहिनी, भाची आणि माझा एक जुना मित्र असे चौघं खेळाडू, आणि मी डीएम, म्हणजे गोष्ट आणि शत्रू चालवणारा. दिवसभर मी केळीच्या गाड्या भरतो, वजनाचा हिशेब ठेवतो. आम्ही खेळतो तो डंजन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकून गोष्टीतल्या लढाया लढायचा खेळ. त्यातही हिशेबच चुकतो, आणि तो कुठे चुकतो ते मला नथूमुळे कळलं.

चौघं दुसऱ्या लेव्हलला होते. सातपुड्यासारख्या डोंगरातून वाट दाखवायला मी त्यांना नथू नावाचा वाटाड्या दिला. पार्टी, म्हणजे चौघांची टोळी, कच्ची आहे, कुणी मरायला नको, या काळजीने त्याला वेटरनचे, म्हणजे मुरलेल्या सैनिकाचे आकडे लावले: एसी (वार लागायला फाशांनी गाठायचा आकडा) १७, एचपी (अंगातला जीव) ५८, एका टर्नला तीन वार. पुढच्याच घाटात ओगर नावाचा धिप्पाड राक्षस आडवा आला. त्याचा एसी ११, एचपी ५९. चौघं मिळून एका राउंडला, म्हणजे सगळ्यांचा एकेक टर्न होईतो, सरासरी २१ डॅमेज काढत होते, म्हणजे शत्रूचे तेवढे एचपी कमी करत होते. एकटा नथू १६ काढायचा. तीन राउंडची लढाई दोन राउंडांत आटोपली आणि शेवटचा वारही नथूचाच. वहिनींनी फासे खाली ठेवले. "भाऊ, नथूच लढणार असेल तर मी तोवर भरीत गरम करून आणते," म्हणाल्या आणि खरंच खाली गेल्या. त्या रात्री मला झोप लागली नाही.

तेव्हापासून सोबती देताना मी आधी एक गोष्ट बघतो: पार्टीतला सगळ्यात कमी मारणारा खेळाडू एका राउंडला सरासरी किती डॅमेज काढतो? सोबती त्याच्या खालीच राहिला पाहिजे. २०२० मध्ये आलेल्या सोबत्यांच्या नियमांत वॉरियर, एक्स्पर्ट आणि स्पेलकास्टर असे तीन प्रकार आहेत, आणि मूळ प्राणी किंवा माणूस अर्ध्या चॅलेंज रेटिंगच्या (तो लढायला किती अवघड, याचा आकडा) वर नको असं सांगितलंय. वेटरनचं रेटिंग ३. म्हणजे माझं पहिलंच पाऊल चुकलं होतं. पण नुसत्या रेटिंगवरही विसंबू नका. स्काउटचं, म्हणजे टेहळ्याचं रेटिंग बरोबर अर्धं आहे, तरी तो एका टर्नला दोन बाण सोडतो. त्याच ओगरवर त्याची सरासरी ९ येते, आणि आमचा एकेक खेळाडू जेमतेम ५ काढत होता. म्हणून मी नथूला स्काउट केलं आणि एक बाण काढून घेतला. सरासरी साडेचारवर आली. आता बसलं.

दुसरं, सोबत्याचं आकड्यांचं कार्ड खेळाडूच्या हातात द्या. लढाईत नथूचे फासे भाची टाकते. मी फक्त त्याच्या तोंडची वाक्यं बोलतो, तीही कुणी विचारलं तरच. राक्षसही मी आणि नथूही मी, असं झालं की मी माझ्याशीच लढत बसतो आणि चौघं बघत राहतात. कुठे वळायचं, कुणावर विश्वास ठेवायचा, हे नथू कधीच ठरवत नाही. मावसभाऊ वैतागून अहिराणीत विचारतो, "आते काय करानं, नथू?" तेव्हा नथू वाटेची खूण सांगतो. नदी कुठे उथळ आहे, कुठल्या वाडीत कुत्री आहेत, इतकंच.

आता लढाईचा तोल. २०१४ च्या नियमांत प्रत्येक लेव्हलला एक्सपीचे (शत्रू हरवून मिळणाऱ्या अनुभवाच्या गुणांचे) उंबरठे आहेत. दुसऱ्या लेव्हलच्या एका खेळाडूला मध्यम लढाई १०० ची, अवघड १५० ची, जीवघेणी २०० ची. चौघांचे अनुक्रमे ४००, ६०० आणि ८००. एक लांडगा ५० चा. सहा लांडग्यांचे ३००, पण शत्रू तीन ते सहा असले की बेरजेला दोनाने गुणायचं, म्हणून ६००. म्हणजे अवघड. तो गुणाकार कशासाठी, हे नीट कळलं की निम्मं काम झालं. सहा लांडगे म्हणजे एका राउंडला सहा चावे. ओगर ४५० चा असला तरी राउंडला एकदाच सोटा मारतो. लांडग्याचा चावा सरासरी ७ चा, जोडीदार शेजारी असला की ॲडव्हान्टेजही मिळतो, म्हणजे फासा दोनदा टाकून मोठा आकडा घ्यायचा. वहिनींच्या विझार्डचे, म्हणजे जादूगाराचे एचपी १२. दोन चावे लागले की त्या खाली. २०२४ च्या नियमांनी गुणाकार काढून टाकला आणि हिशेब सोपा केला, पण मी अजून जुनाच धरतो, कारण आमच्या गच्चीवर घोळक्यानेच जास्त वेळा घात केलाय. सोबत्याला मी अर्धा खेळाडू मोजतो.

कागदावरचा आकडा जागेनुसार बदलतो, आणि मला सगळ्यात जास्त मजा इथेच येते. तेच सहा लांडगे मी एकदा उघड्या माळावर आणले आणि दोघं खेळाडू बेशुद्ध पडले. पुढे तसलीच लढाई फरशीवर घेतली. आपल्याकडे नदीवर असते तशी, पूर आला की पाण्याखाली जाणारी, कठडा नसलेली. नकाशावर तिची रुंदी दहा फूट. समोरून एका वेळी दोनच लांडगे येऊ शकतात, बाकीचे मागे गुरगुरत उभे. सहा चाव्यांचे दोन झाले. मित्राचा फायटर पुढे उभा, त्याच्या खांद्यावरून नथूचा एकेक बाण, आणि वहिनींनी स्लीप हा झोपवणारा स्पेल, म्हणजे मंत्र, टाकून पुढचे दोन आडवे केले. आकडे तेच, पण रात्र फार वेगळी गेली. उलटं करून बघायचं असेल तर लढाई केळीच्या बागेत न्या. ओळींमधून चार पावलांपलीकडचं दिसत नाही, त्यामुळे धनुष्यवाला पार निकामी होतो.

लढाई चालू असताना फासे लपवून आकडे बदलू नका. मी बदललेत, आणि भाचीला ते लगेच कळलंय. त्यापेक्षा शत्रू दोन तुकड्यांत आणा. पार्टी सहज जिंकत असेल तरच दुसरी तुकडी येते, नाहीतर तिला लढाईचा आवाजच गेला नाही. शत्रूने शेवटपर्यंत लढावं असंही नाही. १९८१ च्या नियमांत मोरालची, म्हणजे धीराची चाचणी होती: पहिला गडी पडला की आणि निम्मे पडले की दोन सहाबाजू फासे टाकायचे, बेरीज त्या शत्रूच्या मोरालच्या आकड्यावर गेली की त्याने पळ काढायचा. मी ती आजही वापरतो, नथूलाही लावतो. एकदा तो खरंच पळाला. त्याला शोधायला चौघं दोन शनिवार फिरले, आणि तो सापडला तेव्हा कुणीही त्याला बोल लावला नाही.

एक गोष्ट बरेच जण विसरतात. २०१४ चे नियम गोष्टीतल्या एका दिवसात सहा ते आठ लढाया धरून बांधलेत. आम्हाला मिळतात तीन तास, त्यात एक किंवा दोन लढाया होतात. खेळाडू सगळे स्पेल पहिल्याच लढाईत उधळतात आणि अवघड म्हणून मांडलेली लढाई मऊ पडते. म्हणून आमच्याकडे शनिवार संपला म्हणजे लाँग रेस्ट (रात्रभराची विश्रांती, जिच्यानंतर स्पेल परत मिळतात) झाली असं नाही. गोष्टीतली रात्र गोष्टीतच पडते. स्पेलच्या खुणा वहीत तशाच राहतात.

आता चौघं तिसऱ्या लेव्हलला आहेत. येत्या शनिवारी घाटाच्या पायथ्याशी आठ गॉब्लिन, म्हणजे ठेंगणे राक्षस, ठेवलेत, प्रत्येकी ५० चे. आठही एकदम आले तर ४०० ला अडीचने गुणून १,०००, म्हणजे अवघडच्या ९०० च्या वर. म्हणून पाच वाटेवर आणि तीन पडक्या विहिरीमागे. पाचांचे ५००, मध्यमच्याही खाली. विहिरीमागचे तीन कधी उठायचे, ते वहिनींकडे किती स्पेल उरलेत ते बघून ठरवीन. नथूचं कार्ड भाचीकडे आहे, त्यावर तिने पेन्सिलने लिहून ठेवलंय: बाण १४.