रग्बीतली गोलकिक: जागा, पाऊल आणि फटका

गोलकिक म्हणजे चेंडू दोन खांबांमधून, आडव्या दांड्याच्या वरून मारणे. न्यूझीलंडच्या डॅन कार्टरने कसोटी (आंतरराष्ट्रीय) सामन्यांत १,५९८ गुण मिळवले. त्यातले १,४२९ कन्व्हर्जन (ट्राय, म्हणजे गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवल्यानंतर मिळणारी किक) आणि पेनल्टीचे (प्रतिस्पर्ध्याच्या नियमभंगाबद्दल मिळणारी किक), म्हणजे बहुतेक सगळे जमिनीवर ठेवलेल्या चेंडूवरचे.

पेनल्टीची जागा रेफरी ठरवतो. कन्व्हर्जनमध्ये मात्र निवड तुमची असते: ट्राय जिथे झाला तिथून सरळ मागे हवे तितके जाता येते. दोन खांबांत ५.६ मीटर अंतर, आडवा दांडा ३ मीटर उंच. ट्राय मध्यापासून ३० मीटर बाजूला झाला असेल तर गोलरेषेपासून ३० मीटर मागून दोन खांबांमधला सर्वांत रुंद कोन दिसतो, सुमारे ५.३५ अंश. पण २२ मीटरवरूनही तो ५.१ अंशांच्या आसपास असतो आणि किक पाच मीटरने आखूड होते. पायात ताकद नसेल तर पुढे या, फारसे बिघडत नाही. ट्राय खांबांजवळ असेल तर उलट: फार पुढे आलात तर धावून येणारे बचावपटू चेंडू अडवतील. तुम्ही पाऊल उचलताच त्यांना गोलरेषेवरून सुटायची मुभा असते.

चेंडू टीवर (चेंडू उभा ठेवायच्या छोट्या स्टँडवर) असा ठेवा की शिवण गोलाच्या मध्याकडे रोखलेली राहील. उजव्या पायाच्या खेळाडूने सरळ मागे चार-पाच पावले जाऊन मग डावीकडे दोन-तीन घ्यावीत. पावले दर वेळी तितकीच हवीत. दमल्यावर ती आखूड होतात आणि मग अंतर चुकते.

खरे काम आधाराच्या, म्हणजे न मारणाऱ्या, पायाचे. तो चेंडूच्या रेषेत किंवा किंचित मागे, साधारण एक पाऊलभर बाजूला पडावा, बोटे गोलाकडे. घोटा ताठ ठेवून पायाच्या वरच्या हाडाळ भागाने चेंडूच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यात मारा. नजर चेंडूवरच. मारल्यानंतर पाय गोलाच्या दिशेने पुढे जाऊ द्या.

उजव्या पायाची किक उजवीकडे ढळत असेल तर बहुधा आधाराचा पाय चेंडूला चिकटला आहे. कमरेला वळायला जागाच उरत नाही. डावीकडे वळत असेल तर पाय अंगासमोरून आडवा फिरतोय. उंच जाऊन अलीकडेच पडते? छाती मागे झुकली. पहिल्या दोन चुका एकमेकींना झाकतात, म्हणून किक सरळ गेली तरी पाऊल कुठे पडले ते तपासा. मोबाइलवर मागून चित्रण केले की लगेच कळते.

सराव २२ मीटरवरून, अगदी समोरून सुरू करा. दहापैकी आठ जाईपर्यंत बाजूला सरकू नका. धाव सुरू केल्यावर चेंडू टीवरून पडला तर उचलून ड्रॉप किक (चेंडू जमिनीवर टाकून उसळताच मारलेली) मारता येते, तीही अधूनमधून करून पाहा. पेनल्टीला ६० सेकंदच मिळतात, तेव्हा घड्याळ लावूनच मारा.