पिल्लाला क्रेटची आणि शी-शूची सवय कशी लावायची (फ्लॅटवाल्यांसाठी)

कुत्र्याचं पिल्लू घरी आलंय, वाट्या, पट्टा, खाणं घेऊन झालंय, डॉक्टर ठरलाय असं धरून सांगते.

क्रेट म्हणजे पिल्लाच्या झोपण्याचा पिंजरा. तो घेताना एवढंच बघा की पिल्लाला आत उभं राहता, गोल फिरता आणि पाय ताणून झोपता आलं पाहिजे, बास. लॅब किंवा जर्मन शेफर्ड असेल तर मोठाच घ्यावा लागतो, मग आत पार्टिशन टाका, नाहीतर पठ्ठ्या एका कोपऱ्यात शू करून दुसऱ्या कोपऱ्यात निवांत झोपतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात बंद प्लास्टिकचा नको, जाळीचा घ्या. आणि आत घालताना गळ्यातला पट्टा काढायचा, तो जाळीत अडकतो.

शी-शूचं गणित सोपं आहे. झोपून उठलं की, खाल्ल्यावर अर्ध्या तासाच्या आत, आणि खेळता खेळता अचानक थांबून फरशी हुंगत गोल फिरायला लागलं की उचलायचं आणि जागेवर न्यायचं. दोन महिन्यांचं पिल्लू दिवसा जेमतेम दोन तास धरतं, त्याच्याकडून जास्त अपेक्षा ठेवू नका. जागा म्हणजे सुरुवातीला गॅलरीतला पेपर किंवा सोसायटीची गच्ची. लसींचा कोर्स साधारण 16 आठवड्यांपर्यंत चालतो, तोवर जिथे रस्त्यावरची कुत्री फिरतात तिथे जमिनीवर सोडायचं नाही, पार्वोचा (पिल्लांच्या जीवघेण्या जुलाब-उलट्यांच्या आजाराचा) व्हायरस मातीत महिनोन् महिने टिकतो. केल्या केल्या तिथेच खाऊ द्या, घरात आल्यावर दिलात तर ते घरात येण्याचं बक्षीस होतं.

आता रात्र. माझा सगळ्यात जास्त घाम इथे निघाला होता, आणि सगळ्यात फालतू सल्लेही इथेच मिळतात. "रडू दे, दोन रात्रीत आपोआप गप्प बसतं." अहो, परवापर्यंत ते आई आणि भावंडांच्या ढिगात झोपत होतं, आज त्याला हॉलमध्ये अंधारात एकटं बंद केलं तर ते रडणारच, यात हट्ट कसला? शिवाय त्या रडण्यात कधी कधी खरंच शू लागलेली असते. तुम्ही कानावर उशी घेऊन पडलात तर ते शेवटी क्रेटमध्येच करतं, असं चार-पाचदा झालं की अंथरुणात घाण करायची किळसच जाते, आणि क्रेटचा सगळा डोलारा त्या किळसेवर तर उभा आहे. पेट शॉपच्या पिंजऱ्यात वाढलेल्या पिल्लांची ती बऱ्याचदा आधीच गेलेली असते, त्यांना वेळ जास्त लागतो.

म्हणून आधी दिवसा तयारी करा. दार उघडं ठेवून जेवण आत द्या. मग खात असताना दार लावा आणि वाटी चाटून संपायच्या आत उघडा, मग संपल्यावर थोडं थांबून, मग तुम्ही शेजारी बसून, मग उठून किचनपर्यंत जाऊन परत. कुईकुई सुरू झाली म्हणजे तुम्ही घाई केलीत, पुढच्या वेळी एक पायरी मागे या.

रात्री क्रेट तुमच्या पलंगाला लागून, स्टुलावर किंवा दोन खुर्च्यांवर, हलणार नाही असा पक्का ठेवा, म्हणजे त्याला तुमचं तोंड दिसतं आणि तुम्हाला झोपेतच हात जाळीला लावता येतो, बोटं हुंगून बरीच पिल्लं पुन्हा आडवी होतात. अकराला झोपलात तर दोनचा आणि पाचचा अलार्म लावा. ते रडायच्या आधी तुम्ही उठायचं, हाच खरा मुद्दा आहे. उचलूनच न्या, चालत नेलंत तर दारातच करेल. मोठा लाइट नाही, गप्पा नाहीत, शू झाली की हळूच शाब्बास आणि परत आत. क्रेट कोरडा राहायला लागला की अलार्म पंधरा-वीस मिनिटांनी पुढे सरकवत जा. शू होऊनही रडलं तर हात लावून ठेवा, बाहेर काढू नका. पण लाळ गळतेय, जाळी चावतंय, धापा टाकतंय असं दिसलं तर ती भीती आहे, दार उघडा आणि दिवसाच्या तयारीपासून परत सुरू करा. खालच्या मजल्यावरच्यांना आधीच सांगून ठेवा, तक्रार आल्यावर सांगण्यात काही अर्थ नसतो.

घरातल्या आज्या "पिंजऱ्यात का कोंडलंय लेकराला" म्हणतात, त्यांना म्हणू दे, पिल्लू स्वतःहून आत जाऊन झोपायला लागलं की त्याच चादर बदलतात. मला राग येतो तो आठ तास ऑफिसला जाताना क्रेटमध्ये ठेवून जाणाऱ्यांचा. घरी कोणीच नसेल तर पिल्लू आणू नका.

चुकून घरात केलं तर त्याचं नाक त्यात घासू नका, मारू नका, त्याने ते फक्त सोफ्यामागे लपून करायला शिकतं. फिनेल तर अजिबात नको, शूचा वास गेला असं आपल्याला वाटतं, त्याच्या नाकाला तो येतच राहतो, वर पाय चाटल्यावर पोटात जातं ते वेगळंच. शूचा वास मुळातून घालवणारं एन्झाइमवालं क्लीनर आणा.

लस पूर्ण झाल्यावर नवीन नाटक: अर्धा तास खाली फिरून येतं आणि घरात शिरल्या शिरल्या पेपरवर करतं. मग शू लागलेला पेपरचा तुकडा खाली नेऊन झाडाजवळ दगडाखाली ठेवा, आणि हुंगू द्या, ओढू नका. गॅलरीतला पेपर हळूहळू लहान करत न्या.

सगळं नीट जमलेलं पिल्लू अचानक सारखी थोडी थोडी शू करायला लागलं तर ओरडू नका, डॉक्टरकडे न्या, लघवीचं इन्फेक्शन असू शकतं.