पुढची कथा कुठली घ्यायची? बेळगावकडच्या हौशी कथाकारांसाठी

एक कथा छापून आली किंवा संमेलनात वाचून झाली, चार लोकांनी बरी हाय की म्हटलं, की आपल्याकडचा हौशी लेखक पुढचे काही महिने नुसती वही उघडतो आणि बंद करतो. विषय नसतात असं नाही, पाच-सहा असतात आणि सगळे एकमेकांना आडवे येतात.

तर पहिलं काम म्हणजे सगळे विषय एका कागदावर उतरवा, एका विषयाला एकच ओळ, आणि त्या ओळीत माणूस पाहिजे. 'सीमाप्रश्न' ही ओळ झाली नाही, 'विणकरांचे हाल' ही पण नाही, ते भाषणाचे विषय. 'शहापुरातला पेंटर, वडिलांनी रंगवलेली दुकानाची पाटी आता त्यालाच पुसायला सांगितलीय' ही झाली ओळ. कर्नाटकाच्या २०२४ च्या कायद्यानं पाटीवरची ६० टक्के जागा कन्नडला द्यायची, म्हणजे उरलेल्या ४० टक्क्यात मराठी, इंग्लिश, मोबाईल नंबर सगळं कोंबायचं आलं. आता त्या पेंटरला टेप घेऊन शिडीवर चढवा, खाली मालक शिडी धरून 'आमचं आडनाव तेवढं जरा ठळक कर की रे' म्हणतोय, आणि जुन्या रंगाखाली वडिलांचा ब्रश दिसतोय. इथं सीमाप्रश्नाचा १९५६ पासूनचा इतिहास सांगत बसायची गरजच नाही. पुण्या-मुंबईच्या वाचकाला कळणार नाही वाटत असेल तर एखादं वाक्य म्हाताऱ्या गिऱ्हाइकाच्या तोंडी द्या, बास.

मग कात्री लावा. ज्या ओळीतल्या माणसाला आज संध्याकाळपर्यंत काहीच नकोय ती ओळ बाजूला. निपाणीचं १९८१ चं तंबाखू आंदोलन सगळ्यांनाच लिहायचं असतं, जबरदस्त विषय आहे, खरं त्याला त्या वेळच्या शेतकऱ्यांकडे, विडी वळणाऱ्या बायकांकडे जाऊन बसायला पाहिजे, ते होणार असेल तर घ्या, नाहीतर ठेवा कादंबरीला.

उरलेल्या दोन-तीन ओळींचं एकेक पान लिहा. सुरुवातीचं पान नको, सुरुवात सगळ्यांचीच छान होते (पाऊस पडत असतो, दूरवर देवळातली घंटा वाजते वगैरे). भांडणाचं पान लिहा. पेंटरचं आणि मालकाचं पैशावरून वाजलं, किंवा पेंटरची बायको म्हणाली 'तुम्ही नाही केलं तर दुसरा करंल'. ज्या पानावर माणसं तुम्हाला न विचारता बोलायला लागतात ती कथा तयार आहे, आणि जिथं तुम्हीच त्यांच्या तोंडात वाक्यं घालताय ती अजून कच्ची. बोलणं गल्लीतलंच ठेवा, कंडक्टर कन्नडमध्ये 'बर्री बर्री' म्हणतो तर म्हणू दे, लगेच अर्थ सांगू नका.

ते पान लेखक मित्राला वाचून दाखवू नका, तो तोंडावर छानच म्हणणार, कारण उद्या त्याची कथा तुम्हाला ऐकायचीय. घरातल्या किंवा दुकानातल्या कुणाला तरी ऐकवा, त्यानं 'मग पुढं काय झालं?' विचारलं की काम झालं. 'भाषा चांगली आहे' म्हणाला तर ते पान गेलं.

कुठं देणार हे पण आत्ताच ठरवा, कारण त्यावरनं विषय बदलतो. दिवाळी अंकवाले पावसाळ्यातच मजकूर मागतात, तिथं दोन-तीन हजार शब्दांची ऐसपैस कथा चालते. कडोली, उचगाव, येळ्ळूरकडची ग्रामीण संमेलनं थंडीत, मांडवात वाचायची तर माणसं कमी, बोलणं जास्त, आणि सगळं एका दिवसात घडणारं घ्या, कारण मागं जेवणाच्या पंगतीची भांडी वाजत असतात.

आणि दोन पानं अगदी बरोबरीची आली तर? जी वाचून घरातलं कुणीतरी फुगून बसेल असं वाटतं ती घ्या. फक्त नाव, गल्ली, धंदा तेवढं बदला, काकू लोक सगळं वाचतात.