सात नंबरच्या आयर्नवर बसवायचा साधा, भरवशाचा गोल्फ स्विंग

अमेरिकी गोल्फपटू जिम फ्युरिकचा स्विंग पाहून कुणी शिकाऊ तसा हात फिरवायला धजणार नाही. क्लब वर जाताना जवळजवळ उभाच जातो आणि खाली येताना मोठा वळसा घेऊन आत पडतो. तरी याच स्विंगवर त्याने २००३ साली यूएस ओपन जिंकली आणि २०१६ मध्ये पीजीए टूरवर एका फेरीत ५८ फटक्यांत १८ होल पूर्ण केले. तो वळसा दर फटक्याला तस्साच पडतो, म्हणून हे जमतं. चेंडू आणि क्लब एकमेकांना टेकलेले असतात ते सेकंदाच्या जेमतेम दोन हजाराव्या भागापुरते. त्या क्षणी क्लबफेस, म्हणजे चेंडूला लागणारी क्लबची सपाट बाजू, कुठे बघतोय आणि स्विंगचा तळ, म्हणजे क्लबच्या वाटेतला सगळ्यात खालचा बिंदू, कुठे पडतोय, यावर फटक्याचं बरंचसं ठरतं.

आठवड्यातून एकदा रेंजवर, म्हणजे सरावाच्या जागी, जाणाऱ्याला फ्युरिकसारखा वळसा परवडत नाही, कारण तो रोज तसाच पाडायला लागणारा सराव होत नाही. त्याने हलणारे भाग कमी ठेवावेत, एवढंच या लेखाचं म्हणणं. सूचना उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी आहेत; डावखुऱ्यांनी डावं-उजवं उलटं वाचावं. क्लब एकच घ्या, सात नंबरचा आयर्न, म्हणजे मधल्या पल्ल्याचा धातूच्या पातळ डोक्याचा क्लब. ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब मारायचा क्लब, सध्या बॅगेतच राहू द्या.

ग्रिप: इथे घाई नको

क्लबफेस फक्त २ अंशांनी उजवीकडे उघडा राहिला, तरी १४० मीटरवर चेंडू चार-पाच मीटर उजवीकडे जातो. वर हवेत वळला तर ते वेगळंच. आणि फेसला धरून ठेवतात ते फक्त हात. म्हणून ग्रिप चुकली की पुढच्या प्रत्येक हालचालीत तिची भरपाई करत बसावं लागतं.

डावा हात शरीराच्या बाजूला सैल सोडा. क्लब हाताच्या तळव्यात नाही, बोटांत द्यायचा: ग्रिप तर्जनीच्या मधल्या पेरापासून तिरकी जाऊन करंगळीच्या मुळाशी, तळव्याच्या गादीच्या जरा खाली आली पाहिजे. वरच्या टोकाला साधारण एक सेंटिमीटर ग्रिप बाहेर राहू द्या. आता गादी वरून बसवा आणि अंगठा दांड्याच्या मधोमध न ठेवता किंचित उजवीकडे टेकवा. बरोबर धरलं असेल तर नुसत्या वाकवलेल्या तर्जनीवर आणि गादीवर क्लब उचलता येतो. वरून पाहिलं की डाव्या हाताच्या दोन, फार तर अडीच बोटांची मुळं दिसावीत. एकच दिसत असेल तर फेस उघडा राहण्याची सवय लागते आणि स्लाइस (उजवीकडे वळत जाणारा फटका) पाठ सोडत नाही. चार दिसत असतील तर हुक (डावीकडे वळणारा) येणार.

उजव्या हाताची मधली दोन बोटं खालून ग्रिपला लावा आणि तळव्यावरच्या आयुष्यरेषेच्या खाचेत डावा अंगठा झाकून टाका. करंगळी डाव्या तर्जनीवर टेकवायची (व्हार्डन ग्रिप) की तिच्यात अडकवायची, हा आवडीचा भाग आहे. जॅक निकलस आणि टायगर वुड्स दोघेही अडकवतात, त्यामुळे लहान हातांचीच ती ग्रिप असते हा समज सोडून द्या. दोन्ही हातांच्या अंगठा-तर्जनीमधली घडी उजव्या खांद्याच्या आणि हनुवटीच्या मधे रोखलेली असावी.

पकड किती घट्ट? सगळ्यात घट्टला दहा मानलं तर चार. जोर डाव्या हाताच्या शेवटच्या तीन बोटांत. क्रिकेट खेळून आलेल्यांचा खालचा हात इथेच जास्त बोलतो: उजवा हात आवळला जातो आणि तोच क्लब ढकलत नेतो. डाव्या ग्लव्हला मनगटाजवळच्या गादीवर भोक पडत असेल तर क्लब तळव्यात सरकतोय, हे नक्की. मुंबई-कोकणच्या दमट हवेत घामाने ग्रिप निसटते म्हणून लोक आवळून धरतात. त्याला उपाय म्हणजे दोन ग्लव्ह आलटून पालटून वापरणं आणि महिन्यातून एकदा रबरी ग्रिप साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन कोरड्या करणं.

ग्रिप घरी बसवता येते. टीव्ही बघता बघता रोज पाच मिनिटं क्लब धरा, सोडा, पुन्हा धरा. धरायलाच सांगितलंय, छताला पंखा असलेल्या खोलीत फिरवायला नाही.

उभं राहणं

आधी क्लबफेस, मग पाय. चेंडूच्या मागे उभं राहून लक्ष्याकडे बघा आणि त्या रेषेवर चेंडूच्या पुढे हात-दीड हातावर गवताची एखादी काडी किंवा जुना डिव्हट (क्लबने उखडलेल्या गवताची खूण) हेरा. दीडशे मीटरवरच्या झेंड्यापेक्षा या खुणेकडे फेस रोखणं खूप सोपं जातं. फेस लागला की मगच पाय लावा. पायांची रेषा लक्ष्याकडे नाही, लक्ष्याच्या रेषेला समांतर, म्हणजे किंचित डावीकडे असते. पायच झेंड्याकडे रोखले की अख्खं शरीर उजवीकडे बघतं, आणि मग खांदे ते सावरायला क्लब डावीकडे ओढतात. रेंजवर दोन अलाइनमेंट स्टिक जमिनीवर ठेवा. नसतील तर झाडूच्या दोन सरळ दांड्या चालतात.

सात नंबरला टाचांमधलं अंतर खांद्यांइतकं, चेंडू मधल्या रेषेपेक्षा एक चेंडूभर डावीकडे. डाव्या पायाचा पंजा थोडा बाहेर वळवलेला. वाकायचं ते कंबरेतून नाही, मांडीच्या सांध्यातून: पार्श्वभाग मागे, पाठ सरळ, गुडघे नुसते सैल. हात खांद्यांखाली लोंबू द्या. ग्रिपचं टोक आणि मांडी यांच्यात एक पसरलेला पंजा मावला पाहिजे. वजन तळपायाच्या मधोमध. पंजांवर गेलं की स्विंगमध्ये तोल पुढे जातो आणि चेंडू क्लबचं डोकं आणि दांडा यांच्या सांध्यावर लागून शँक होतो.

कमरेपासून कमरेपर्यंत

पूर्ण स्विंगचा सगळा गाभा या छोट्या स्विंगमध्ये असतो आणि बहुतेक जण नेमका तोच टाळतात. पाय वीतभर अंतरावर, चेंडू मधोमध. छाती उजवीकडे वळवा. हात छातीबरोबरच जातात, वेगळे उचलायचे नाहीत. शाफ्ट (क्लबचा दांडा) जमिनीला समांतर झाला की थांबा आणि तीन गोष्टी तपासा. शाफ्ट पायांच्या रेषेला समांतर आहे का? क्लबचं डोकं हातांच्या मागे, आत तर गेलेलं नाही ना? फेसची पुढची कड पाठीच्या कण्याच्या तिरकेपणाशी जुळते का? फेस आभाळाकडे बघत असेल तर उघडा, जमिनीकडे फार बघत असेल तर बंद.

मग छाती डावीकडे वळवून चेंडूतून जा आणि दुसऱ्या बाजूला शाफ्ट कमरेइतका आला की थांबा. शेवटी वजन डाव्या पायावर आणि बेल्टचं बक्कल लक्ष्याकडे. चेंडू चाळीस-साठ मीटर गेला तरी पुरे. अंतर इथे बघायचंच नाही, बघायचा तो तळ.

गवतावर तो असा बघा. लक्ष्याच्या रेषेला काटकोनात रांगोळीची किंवा चुन्याची हातभर रेघ ओढा. चेंडू न ठेवता त्या रेघेवर उभं राहून दहा स्विंग करा, दर वेळी रेघेच्याच दिशेने थोडं सरकत. क्लब जमिनीला लागल्याची खूण रेघेवर सुरू व्हावी आणि लक्ष्याच्या बाजूला जावी. चांगल्या खेळाडूचा तळ मधल्या आयर्नने चेंडूच्या पुढे सात ते दहा सेंटिमीटरवर पडतो. खूण रेघेच्या मागे पडत असेल तर फटका फॅट होणार (क्लब चेंडूआधी जमिनीत रुतणार), किंवा क्लब जमिनीला न लागता वर येत चेंडूच्या डोक्याला लागणार (टॉप). फॅट आणि टॉप दिसायला उलटे, पण कारण बरेचदा एकच: वजन उजव्या पायावर राहून गेलं, आणि हात चेंडू ‘उचलायला’ गेले. चेंडू उचलायचं काम फेसच्या तिरकेपणाचं आहे. सात नंबरला तो तीस अंशांच्या आसपास असतो. मनगटाने त्यात भर घालायची गरज नाही.

रेंजवरच्या कृत्रिम गवताच्या मॅटवर ही खूण दिसत नाही, आणि मॅट खोटं बोलते. क्लब चार बोटं मागे आदळला तरी घसरत पुढे जातो, चेंडू बरा उडतो, आणि खऱ्या फेअरवेवर (मैदानावरच्या कापलेल्या गवतावर) तोच फटका चिखल उडवतो. म्हणून मॅटवर चेंडूच्या मागे दहा-बारा सेंटिमीटरवर घडी केलेला नॅपकिन ठेवा. नॅपकिन हलला की तळ मागे आहे. दहापैकी सात फटक्यांत तो जागचा हलला नाही तरच पुढे जा.

‘मान खाली ठेव’ हे कुठल्याही रेंजवर हमखास ऐकू येतं. त्याने फायद्यापेक्षा नुकसान जास्त होतं. चेंडू गेल्यावरही डोकं दाबून ठेवलं की छाती वळत नाही, वजन मागे राहतं, आणि ज्या टॉपसाठी हा सल्ला दिला तो टॉपच पुन्हा येतो. फटक्यापर्यंत डोकं जागेवर असावं, नंतर खांद्यांबरोबर वळू द्यावं.

पाऊण स्विंग

आता डावा हात जमिनीला समांतर होईपर्यंत मागे न्या आणि मनगटं वर वाकवा. हात आणि शाफ्ट यांच्यात काटकोन दिसला पाहिजे. खांदे वळतात, कंबर त्याच्या निम्मीच. उजवा गुडघा ताठ करू नका आणि वजन उजव्या पायाच्या आतल्या बाजूला ठेवा. ते बाहेरच्या कडेवर गेलं तर तुम्ही वळला नाहीत, सरकलात. तळही तुमच्याबरोबर मागे सरकला. कंबर आखडलेली असेल तर उजवा पंजा थोडा बाहेर वळवा आणि डावी टाच जराशी उचलू द्या. यात कमीपणा काही नाही.

खाली येताना क्रम असा: डाव्या पायावर दाब, मग कंबर, मग छाती, शेवटी हात. मैदानावर एवढं सगळं कुणाला आठवत नाही, म्हणून एकच आठवा: डावी टाच जमिनीत दाबायची. ती आधी दाबली की हात आपोआप आतून येतात. खांदे आधी सुटले तर क्लब बाहेरून आत कापत जातो. अशा वाटेवर फेस वाटेच्या मानाने उघडा असेल तर चेंडू डावीकडे निघून उजवीकडे वळतो. हाच तो नेहमीचा स्लाइस. फेस वाटेइतकाच डावीकडे असेल तर सरळ डावीकडे जातो. चेंडू निघतो साधारण फेस बघतो तिकडे, आणि वळतो तो फेस आणि वाट यांच्यातल्या फरकामुळे. हे एवढं डोक्यात पक्कं असलं की स्लाइस होतो म्हणून आणखी डावीकडे रोखून उभं राहायची चूक होत नाही. तसं केल्याने वाट आणखी कापते, आणि चेंडू आणखी वळतो.

बाहेरून येणाऱ्या क्लबला रिकामी प्लॅस्टिकची बाटली उत्तम. चेंडूच्या मागे फूटभर आणि लक्ष्याच्या रेषेच्या बाहेर चार-पाच बोटांवर आडवी ठेवा. बाटली उडाली की समजायचं.

चेंडू फेसवर कुठे लागतो ते कळायला चेंडूच्या मागच्या बाजूला व्हाइटबोर्डच्या मार्करने ठिपका काढा. तो फेसवर उमटतो. ठिपके टोकाकडे येत असतील तर तुम्ही लांब उभे आहात किंवा हात आखडताय. टाचेकडे, म्हणजे शाफ्टच्या बाजूला, येत असतील तर फार जवळ आहात किंवा वजन पंजांवर गेलंय.

लय

चांगल्या व्यावसायिकांच्या मागे जाण्याचा आणि खाली येण्याचा वेळ साधारण तीनास एक असतो: पाऊण सेकंद वर, पाव सेकंद खाली. फोनवर सेकंदाला २४० फ्रेमचा स्लो-मोशन व्हिडिओ काढून फ्रेम मोजा. क्लब हलल्यापासून वर थांबेपर्यंत १८०, तिथून चेंडूपर्यंत ६० असं काहीतरी यावं. हौशी खेळाडूंच्या बाबतीत वरचा आकडा बरेचदा याहून मोठा असतो. ‘हळू घे’ हा सल्ला फार मनावर घेतलेला असतो. फोन हातांच्या उंचीवर, पायांच्या रेषेमागे ठेवा. तिरका ठेवलात तर वाट आहे त्यापेक्षा वेगळी दिसते.

शेवटी तीन सेकंद तोल धरून उभं राहता आलं नाही, तर झेपेल त्याहून जोरात मारलंत.

बकेट कशी संपवायची

पन्नास चेंडूंची बकेट असेल तर पहिले दहा कमरेपासून कमरेपर्यंत. पुढचे वीस पाऊण स्विंग, नॅपकिन किंवा बाटली ठेवून, आणि सगळे वीस फटके एकाच सूचनेवर. सूचना फटक्यागणिक बदललीत तर कशामुळे काय झालं ते कळणारच नाही. उरलेले वीस मैदानावर असल्यासारखे: दर फटक्याला नवं लक्ष्य, मागे जाऊन खूण हेरणं, फेस, मग पाय. त्याच त्या लक्ष्यावर ओळीने पन्नास मारले की रेंजवर छान वाटतं; मैदानावर पहिल्याच टीला, म्हणजे पहिल्या होलच्या सुरुवातीला, ते उपयोगी पडत नाही.

ड्रायव्हरला स्विंग तोच, फक्त मांडणी वेगळी. पाय जरा जास्त लांब, चेंडू डाव्या टाचेच्या रेषेत, टी (चेंडू ठेवायची खुंटी) इतकी उंच की अर्धा चेंडू क्लबच्या वर दिसेल, आणि उजवा खांदा डाव्यापेक्षा थोडा खाली. इथे तळ चेंडूच्या आधी येतो आणि क्लब वर जाताना चेंडूला लागतो, म्हणून आयर्नसारखा खाली मारू नका.

फेरीच्या मधेच स्विंग बिघडला तर तिथे दुरुस्ती करत बसू नका. एक पायरी लांब मारणारा क्लब घ्या, म्हणजे सातच्या जागी सहा, ग्रिप दोन सेंटिमीटर खाली धरा आणि पाऊण स्विंगनेच उरलेले होल खेळा. बाकीचं रेंजवर बघता येईल.